घाटाचा उतार आणि बिनगिअरची स्कूटर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण. बोलताना जसे आले, बहुतेक तसेच ठेवले आहे.)



रौप्यमहोत्सवात म्हाताऱ्या माणसाला बोलायला उभे केले की तो पंचवीस वर्षांपूर्वीपासून सुरुवात करतो. इथे नुसती काळी माती होती, पावसाळ्यात चपला हातात घेऊन घरी यावे लागे, वगैरे. ते सगळे सचिवांनी अहवालात नीट लिहिले आहे, मी पुन्हा सांगत नाही. मी आज स्कूटरवर बोलणार आहे. हसू नका. विषय विनोदाचा नाही.

झाले असे, की यंदा आखाडात आपल्याच सोसायटीतली चार पोरं आणि दोन पोरी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काकाजी, तुम्ही परतवाड्याले होते नं नोकरीत? आम्ही श्रावणात चिखलदऱ्याले चाललो. कोणत्या रस्त्यानं जावं?" मी मोठ्या हौसेने सांगितले. अमरावतीहून परतवाडा, तिथून धामणगाव गढीवरून एक रस्ता, घटांगवरून दुसरा. देवी पॉइंट पाहा, भीमकुंड पाहा, गाविलगड सोडू नका, मोथ्याला चहा घ्या. पोरं खूश होऊन गेली. तीन स्कूटर, तिन्ही बिनगिअरच्या, प्रत्येकीवर दोघे.

रात्री मला झोप आली नाही. मी त्यांना वर कसे जायचे ते सांगितले होते. खाली कसे यायचे ते सांगितले नव्हते. आणि वर जाताना कोणी पडत नाही जी, पडतो तो खाली येताना. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना बोलावून घेतले आणि सोसायटीच्या गेटजवळ तासभर बोललो. तेच आज सगळ्यांसमोर सांगतो, कारण आपल्या पार्किंगमध्ये आता मोजायला गेले तर दर तीन दुचाकींत दोन बिनगिअरच्या आहेत.

आपण सपाटीची माणसे आहोत. रोहण्याहून पुलगावला जा, आर्वीला जा, ब्रेक कशासाठी लागतो? गतिरोधकासाठी, रस्त्यात बसलेल्या म्हशीसाठी, नाहीतर कापसाच्या गाडीमागे अडकलो म्हणून. ब्रेक दाबला, गाडी थांबली, विषय संपला. एकदा दाबून सोडायची वस्तू म्हणजे ब्रेक, अशीच आपली समजूत. घाटात तोच ब्रेक अर्धा-पाऊण तास काम करतो. हे काम वेगळे आहे, आणि ते आपल्याला कोणी शिकवलेले नाही. लायसन्स काढताना आठचा आकडा काढून दाखवला की झाले.

माझ्या पिढीने स्कूटर शिकली ती चेतकवर. बजाज चेतक १९७२ साली आली. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, उजव्या हाताला पुढचा ब्रेक. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्याच सुमारास लुना आली, तिला गिअर नव्हते, पण तिचा जीव केवढा! मग १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा आली, मध्य प्रदेशात पिथमपूरला बनायची. बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आपल्या लोकांनी पहिल्यांदा पाहिली. आणि २००१ मध्ये अॅक्टिव्हा आली, तेव्हापासून तर घराघरांत हीच जात. ह्या गाडीने आपल्या बायकांना मोकळे केले हे मी मुद्दाम सांगतो. आपल्या सोसायटीतल्या शिक्षिका, नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई रोज तीवरच जातात. माझी तक्रार गाडीविरुद्ध मुळीच नाही.

आता माझी गोष्ट. ती घरात सगळ्यांना माहीत आहे, पण चुकीची माहीत आहे.

नोकरीत मी परतवाडा शाखेत तीन वर्षे होतो. तेव्हा माझ्याकडे चेतक होती. कर्जाच्या वसुलीला, पाहणीला मी त्या घाटात कितीदा चढलो-उतरलो असेन. उतारावर दुसरा गिअर टाकायचा, अॅक्सिलरेटर सोडायचा, इंजिन घूं घूं करत गाडी ओढून धरते, ब्रेक फक्त वळणापुरता. मला घाट येतो, असा माझा समज पक्का झाला.

निवृत्तीनंतर, २०११ च्या श्रावणात, आम्ही दोघे परतवाड्याला माझ्या साळ्याकडे गेलो. त्याची बिनगिअरची स्कूटर घेतली आणि चिखलदऱ्याला गेलो. वर ढग उतरले होते, ही फार आनंदात होती. दुपारी परत निघालो. मोथा मागे गेले, उतार लागला. मी जुन्या सवयीने अॅक्सिलरेटर सोडून दिला आणि इंजिन गाडी धरेल म्हणून वाट पाहिली. ते धरेना. गाडी सुटलेल्या सायकलसारखी पळू लागली. मग मी डावा ब्रेक धरला आणि धरूनच ठेवला. किती वेळ? दहा-बारा मिनिटे तरी. मध्ये ही मागून म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हणालो, "पुढच्या ट्रकचं असेल." पुढे ट्रक नव्हता. माझ्याच ब्रेकचा वास होता तो.

त्यानंतरच्या एका डाव्या वळणावर डावा लिव्हर मुठीपर्यंत आला आणि गाडी काही थांबेना. घाबरून मी उजवा ब्रेक एकदम आवळला. रस्ता ओला, त्यावर सागाची पाने पडलेली, हँडल वळलेले. पुढचे चाक सरकले आणि आम्ही दोघे रस्त्यावर. नशीब इतकेच की गाडी डोंगराकडच्या नालीत गेली, दरीकडे नाही. मिनिटभरात त्याच वळणावरून एसटी वर आली. हिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. आत पट्टी बसवावी लागली. आजही तो हात पूर्ण फिरत नाही, पोळी लाटताना तिला पोळपाट फिरवावा लागतो. तेव्हापासून ती स्कूटरवर बसलेली नाही.

मी गेली तेरा वर्षे नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, तुम्हालासुद्धा सांगत आलो की ब्रेक फेल झाला. बँकेत चुकीची नोंद झाली की ती खोडायची नसते, समोर दुरुस्तीची नोंद करायची असते आणि खाली सही करायची असते. ती दुरुस्ती आज इथे करतो. ब्रेक फेल झाला नव्हता. मी तो जाळला होता. आणि जळत असताना मला सांगितले गेले होते, मी ऐकले नाही.

आता हे का झाले ते समजून घेऊ. मी नंतर एका मिस्त्रीकडे बसून उघडी गाडी पाहिली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचे चाक यांच्यामध्ये एक रुंद पट्टा असतो, त्याला बेल्ट म्हणू. तो दोन पुल्यांवर फिरतो. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. म्हणजे गिअर आपोआप बदलत राहतो, पायऱ्यांऐवजी उतरणीसारखा. मागच्या पुलीला क्लच असतो. त्यालाही हाताने दाबायचे काम नाही. बेल्ट जोरात फिरला की क्लचचे जबडे बाहेर फाकतात आणि भोवतीच्या वाटीला आतून चिकटतात. ती वाटी चाकाला जोडलेली. जबडे चिकटले की इंजिन आणि चाक एक झाले. इंजिन मंद झाले की जबडे आत येतात, चाक मोकळे.

सिग्नलला आपण गाडी सुरू ठेवून उभे राहतो आणि ती पुढे जात नाही, ती यामुळेच. सपाटीवर ही मोठी सोय आहे. उतारावर हीच सोय उलटते. उतारावर थांबून पुन्हा निघालो आणि अॅक्सिलरेटर न देता गाडी नुसती सोडली, तर जबडे चिकटतच नाहीत. गाडी सुरू आहे, इंजिनाचा आवाज येतो आहे, पण चाक मोकळे आहे. अशी गाडी कितीही वेगात गेली तरी इंजिन तिला धरत नाही. तसेच गाडी धरलेली असताना वेग फार कमी झाला, साधारण ताशी पंधरा-वीसच्या खाली गेला, की क्लच पुन्हा सुटतो. आणि धरलेले असले तरी चेतकच्या दुसऱ्या गिअरसारखा जोर त्यात नाही, थोडीशीच ओढ मिळते. मी चेतकचा हिशेब ह्या गाडीला लावला होता. खाते वेगळे, हिशेब वेगळा.

इंजिन धरत नाही म्हटल्यावर सगळा भार ब्रेकवर. तो किती? मी आकडेमोड केल्याशिवाय राहणारा माणूस नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच, परतवाडा चारशेच्या आसपास. म्हणजे सुमारे सातशे मीटर खाली यायचे. गाडी एकशे दहा किलो, आम्ही दोघे मिळून एकशे तीस, एकूण दोनशे चाळीस किलो. एवढे वजन सातशे मीटर खाली आणताना जी शक्ती बाहेर पडते, तिची उष्णता केली तर पाच लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. काही वाटा वारा उचलतो, काही टायर, थोडा इंजिन. उरलेली सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. हेच अंतर अर्ध्या तासात उतरलात तर सरासरी नऊशे वॅट, म्हणजे घरची इस्त्री अर्धा तास सलग चालू ठेवल्यासारखे. एक तास घेतलात तर साडेचारशे वॅट, आणि मध्ये थांबलात तर त्याहून कमी.

एवढे लक्षात ठेवा: रक्कम डोंगर ठरवतो, हप्ते आपण ठरवायचे. एकूण उष्णता तेवढीच राहणार, तीत सूट नाही. पण ती सावकाश, तुकड्यातुकड्याने, दोन्ही ब्रेकांत वाटून फेडली तर ब्रेकला निवायला वेळ मिळतो. मी सगळा भरणा एकाच ब्रेकवर, एकाच दमात टाकला.

तापलेला ब्रेक काय करतो तेही सांगतो. ड्रम ब्रेक असेल तर ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनर गुळगुळीत होतो. लिव्हर आधी थोडा, मग जास्त आत येऊ लागतो. डिस्क ब्रेक असेल तर त्यातले तेल तापते. जुने तेल हवेतला ओलावा पितो, मग त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो. दोन्हींत ब्रेक आधी सूचना देतो. वास येतो, लिव्हर लांब जातो, गाडी थांबायला जास्त अंतर घेते. सूचना आली की थांबायचे. पुढचे वळण झाल्यावर थांबू, असे म्हणायचे नाही.

आता काय करायचे ते क्रमाने सांगतो.

निघण्याआधी. दोन्ही ब्रेकचे लिव्हर दाबून पाहा. मोकळा खेळ साधारण दहा ते वीस मिलिमीटर असावा. मुठीला टेकत असेल तर घाटात जायचेच नाही, आधी गॅरेज. लायनर किती उरला ते मिस्त्रीला चाक खोलून पाहायला सांगा. "चालते, चालते" यावर समाधान मानू नका. टायरमधली हवा गाडीच्या पुस्तकात दिली आहे तितकी, डबलसीट असाल तर मागची हवा जास्त लागते, तेही पुस्तकात असते. स्कूटरची चाके लहान असतात, गुळगुळीत टायर आणि ओला घाट ही जोडी जमत नाही. आणि दुसऱ्याची गाडी घेतली असेल तर सपाटीवर दहा मिनिटे चालवून तिचे ब्रेक ओळखून घ्या. मी घेतले नव्हते.

कोणता लिव्हर काय करतो ते माहीत पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचे झाले. जोडब्रेकच्या स्कूटरमध्ये डावा लिव्हर दाबला की मागचा आणि थोडा पुढचाही लागतो. जुन्या गाडीत डावा म्हणजे फक्त मागचा. माझ्या वयाच्या चेतकवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. घाबरलो की आपला उजवा पाय ब्रेक शोधतो आणि डावा हात क्लच समजून दाबला जातो. पायाखाली आता काही नाही. सोसायटीच्या गल्लीत सकाळी वीस वेळा थांबायची सवय करा, लाज वाटून घेऊ नका.

उतार सुरू होताना. गाडी सुरू ठेवा. पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून उतार उतरणारे मी पाहिले आहेत. बंद गाडीत बेल्ट फिरत नाही, इंजिनाची उरलीसुरली ओढही जाते. शिवाय अनेक गाड्यांत हँडल लॉक त्याच किल्लीला असतो. चालत्या गाडीत किल्ली पुढे फिरली तर हँडल अडकेल, मग देवच वाली. निघताना थोडा अॅक्सिलरेटर द्या, क्लच धरल्याचे जाणवेल, मग सोडा. इंजिन थोडे का होईना ओढून धरेल. वेग फार कमी होऊन गाडी मोकळी धावते आहे असे वाटले तर पुढचे सरळ अंतर पाहून पुन्हा किंचित द्या आणि सोडा. उतारावर गॅस देणे उलटे वाटते, पण ह्या गाडीत तीच युक्ती आहे.

ब्रेक कसा धरायचा. दोन्ही हातांनी मिळून, ओले फडके पिळतो तसा, हळूहळू जोर वाढवत. एकदम आवळायचा नाही. वेग पंचवीस-तीसला आणायचा, लिव्हर पूर्ण सोडायचा, वेग वाढू लागला की पुन्हा. दाबा आणि सोडा. सोडलेल्या वेळात ब्रेकला वारा लागतो. सतत घासत ठेवू नका. एक सूचना उजव्या हातासाठी. अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक एकाच हातात असल्यामुळे घाबरून ब्रेक ओढताना मूठही फिरते. आधी मूठ बंद, मग ब्रेक.

वळण. वळणाचा ब्रेक वळणाआधी, गाडी उभी आणि हँडल सरळ असताना. वळणात शिरताना ब्रेक हलका करत सोडून द्यायचा. वेग दुप्पट झाला की वळणात गाडीला बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. वीसला जे वळण आरामात घेता, तेच चाळीसला घेता येत नाही, ओल्या रस्त्यावर तर नाहीच. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत आपण एसटीच्या लांबीइतके पुढे गेलेलो असतो. नजर आपल्याला जायचे आहे तिथे, वळणाच्या शेवटाकडे. दरीकडे पाहिले की गाडी दरीकडे जाते, याचा अनुभव सायकल शिकताना प्रत्येकाने घेतला आहे. आपली डावी बाजू सोडायची नाही. आंधळ्या वळणाआधी हॉर्न. अगदी आखूड वळणावर एसटीला पूर्ण रस्ता लागतो. ती दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबा, तिच्या पोटात शिरू नका. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, उतरणाऱ्याने बाजूला थांबायचे, हा नुसता शिष्टाचार नाही, कायद्याचा नियम आहे.

वळणातच ब्रेकची वेळ आली तर? घाई न करता गाडी जमेल तितकी सरळ करा, डावा लिव्हर हलकेच, उजवा अगदी नाजूक. पाने, शेण, खडी, डांबरावरचे तेल, यावर ब्रेकही नको आणि एकदम गॅसही नको. मेळघाटात माकडे आणि गुरे वळणावरच बसलेली असतात, हेही आलेच.

थांबा. अर्ध्या उतारात एकदा, जास्त उतार असेल तर दोनदा, रुंद जागा पाहून पंधरा-वीस मिनिटे थांबा. फोटो काढायचेच असतात, तिथे काढा. ड्रमला हात लावून पाहू नका, भाजेल. जवळ नेला की धग कळते. पाणी ओतू नका, तापलेला धातू एकदम गार केला की वाकतो किंवा तडकतो. नुसते निवू द्या.

तरीही ब्रेक गेला तर? दोन्ही लिव्हर पुन्हा पुन्हा भरभर दाबा, बहुतेक वेळा थोडे तरी काही मिळते. हॉर्न वाजवत राहा. गाडी रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला, मातीत, गवतात, झुडपात हळूहळू घाला. नालीत पडून खरचटणे परवडते. वेगात पाय खाली टेकवू नका, पाय मोडतो आणि गाडी थांबत नाही. ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या पाळल्या तर इथवर येत नाही.

मागे बसणाऱ्यांसाठी. जवळ बसा, दोन्ही बाजूंनी पाय टाकून. घाटात एका बाजूला पाय टाकून बसणे धोक्याचे, साडी असेल तर त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा, एवढे माझे भगिनींना हात जोडून सांगणे. वळणात चालकाच्या अंगाबरोबर झुका, उलटे नको. हेल्मेट दोघांनाही, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला. लहान मुलाला पुढे उभे करून घाट उतरणे म्हणजे त्याला गाडीचा बंपर करणे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि पट्टा, आणि वेग ताशी चाळीसच्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. घाटात मी म्हणतो, मुलाला एसटीने न्या. तिघे तर कधीच नाही. वजन वाढले की डोंगराची रक्कम वाढते.

ज्यांच्याकडे बॅटरीच्या स्कूटर आल्या आहेत, त्यांनाही दोन शब्द. त्यातल्या अनेक गाड्या मूठ सोडली की स्वतः ओढून धरतात आणि थोडी वीज परत बॅटरीत भरतात. उतारावर ही चांगली मदत आहे. पण बॅटरी पूर्ण भरलेली असली की भरायला जागाच नसते, तेव्हा ही ओढ कमी होऊ शकते. वर मुक्काम करून, रात्रभर चार्जिंग लावून सकाळी उतार धराल, तर पहिल्याच वळणावर नेहमीची ओढ गृहीत धरू नका.

मी चिखलदऱ्याबद्दल बोललो, कारण आपल्याला तेच जवळ. पण नांदुरीहून सप्तशृंगीचा घाट असो, नेरळहून माथेरानचा चढ असो की पोरांच्या पुण्या-मुंबईच्या नोकरीत येणारे सह्याद्रीचे घाट असोत, गाडी तीच आणि उतार तोच. आपल्या सोसायटीची निम्मी मुले आता तिकडे आहेत. हे भाषण स्मरणिकेत छापणार असे संपादकांनी सांगितले, म्हणून त्यांच्यासाठी एवढे सविस्तर लिहिले. आई-वडिलांनी त्या पानाचा फोटो काढून पाठवावा.

आता शेवटची दोन मागणी. एक संचालक मंडळाकडे. दर वर्षी आखाड संपायच्या आत एक रविवार ठेवा. सकाळी आपल्या आतल्या रस्त्यावर तासभर, ओळीने, दोन्ही ब्रेकांनी थांबायचा सराव. गावातल्या एखाद्या मिस्त्रीला बोलावून सगळ्यांचे लायनर पाहून घ्या. खर्च मी देतो, माझ्या हयातीत तरी.

दुसरी मागणी तरुणांकडे. मागे बसलेला माणूस काही म्हणाला, वास येतो, भीती वाटते, हळू घ्या, तर आधी गाडी बाजूला घ्या आणि मग त्याच्याशी वाद घाला. मागच्या माणसाच्या हातात ब्रेक नसतो. त्याच्याजवळ फक्त तोंड असते, आणि आपण तेही ऐकले नाही तर त्याने काय करावे?

श्रावणात गेलेली ती सहाही पोरं सुखरूप आली. येताना दोनदा थांबली, आणि मला दोन्ही ठिकाणांहून फोटो पाठवले. दुसऱ्या फोटोत त्यातली एक मुलगी ड्रमजवळ हात नेऊन धग पाहते आहे. तो फोटो मी घरी दाखवला. आमच्या ह्या बऱ्याच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला कोणी असं सांगितलं असतं तर!" मी म्हणालो, "सांगितलं होतं. तूच सांगितलं होतंस."

त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. दुरुस्तीची नोंद त्यांच्यासमोर झाली, सही माझी.

सोसायटीला पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा. सगळे सावकाश घरी या.